उपसलेला बंधारा : एका शिबिर-प्रतिनिधीचं प्रकरण

हे प्रकरण राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका निवासी शिबिरातलं आहे. जिल्हा रत्नागिरी. गाव, महाविद्यालय आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. जी मुलगी या प्रकरणाच्या मध्यभागी आहे तिला मी ‘प्रतिनिधी’ एवढंच म्हणेन. मी त्या वेळी कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणजे कागदोपत्री सगळी जबाबदारी माझी होती. एरवीही बरीचशी माझीच होती, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे तिचं ब्रीद. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं एक विशेष शिबिर करायचं, अशी साधारण रचना. शंभराच्या युनिटमधली पन्नास मुलं शिबिराला येतात. सकाळी प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी ग्रामसर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. ज्यांनी हे केलंय त्यांना शाळेच्या वर्गात ओळीने घातलेल्या सतरंज्या आणि पहाटेच्या थंडगार पाण्याची आंघोळ आठवत असेल.

आमची प्रतिनिधी एस. वाय. बी. ए.ला होती. पहिल्या वर्षी ती शिबिरात भाकऱ्या थापणाऱ्या गटात होती आणि सात दिवसांत सात वाक्यं बोलली असेल. दुसऱ्या वर्षी मी तिला प्रतिनिधी केलं, त्याचं कारण फार थोर नव्हतं. आदल्या वर्षीच्या किराणाच्या हिशोबात एकवीस रुपयांचा फरक येत होता आणि तो तिने शोधून दिला होता. मला नीटनेटकं माणूस हवं होतं. ती तशी निघालीही. शिबिराच्या महिनाभर आधी तिने किराणाची यादी, गटांची वाटणी, कोणत्या दिवशी कुणी भांडी घासायची याचा तक्ता असं सगळं तयार केलं. गटांना नद्यांची नावं दिली. पहिल्या वर्षाची मुलं तिला ताई म्हणू लागली आणि ते तिला आवडायला लागलं होतं, हे मला दिसत होतं.

गाव डोंगरउताराचं. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये एक पऱ्या, म्हणजे डोंगरातून येणारा ओहोळ. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात हंडे घेऊन फिरायची वेळ येते, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, उतार तीव्र, जमीन जांभ्याची. पाणी थांबतच नाही. म्हणून पाऊस संपला की पऱ्याला, व्हाळाला वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, दाभण-सुतळीने तोंड शिवायचं आणि पोती विटांसारखी सांधेमोड करून रचायची. पोतं गच्च भरायचं नाही, पाऊणच भरायचं, म्हणजे ते खालच्या पोत्यावर नीट बसतं. पायातली वाळू काढून कातळ लागेपर्यंत साफ करायचं, दोन रांगांच्या मध्ये चिकट माती ठोकायची, पाण्याच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद. खर्च जवळजवळ नाही, मेहनत भरपूर. शिबिरासाठी याहून सोयीचं काम नाही. फोटोही चांगला येतो.

आखणी, आणि पहिला चुकलेला निर्णय

शिबिर डिसेंबरात होतं. प्रतिनिधीने लक्ष्य ठरवलं : तीन बंधारे. दोन का नाहीत, चार का नाहीत, असं मी विचारलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने आदल्या वर्षी दोन घातले होते, एवढं मला माहीत होतं. तिलाही असावं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती दोन गटप्रमुखांना घेऊन सरपंचांकडे गेली. सरपंच वरच्या वाडीतले. त्यांनी चहा पाजला, स्वतः पऱ्यापर्यंत चालत आले आणि जागा दाखवली. जागा उत्तम होती : दोन्ही काठ उंच, तळाला कातळ, रुंदी तीस फूट. “घाला बिनधास्त, गाव तुमचंच आहे,” असं ते म्हणाले. तिने वहीत लिहिलं, ‘गावकऱ्यांची संमती मिळाली.’

ती वही नंतर मी पाहिली. त्या वाक्यातला ‘गावकरी’ हा शब्द तिने लिहिला, पण असा लिहायचं तिला आम्हीच शिकवलं होतं. अहवालाच्या नमुन्यात तसंच छापलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. शिबिराच्या वेळापत्रकात श्रमदान दुसऱ्या दिवसापासून होतं आणि ग्रामसर्वेक्षण चौथ्या दिवशी संध्याकाळपासून. म्हणजे आधी काम करायचं आणि मग जाऊन लोकांना विचारायचं की तुमचे प्रश्न काय. हे वेळापत्रक माझं होतं. सहा वर्षं तेच चालत आलं होतं, फक्त तारखा बदलायच्या.

अडचण

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काम सुरू झालं. पन्नास मुलांची साखळी, साडेचारशे पोती. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मधली मोकळी जागा बुजवली आणि पाणी अडलं. मुलांनी आरोळ्या ठोकल्या. पाणी हळूहळू काठाला चढताना बघणं खरंच सुंदर असतं, मीही बराच वेळ उभा होतो. खालच्या अंगाला पऱ्याचे दगड उघडे पडत होते, तिकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी भोजन गटातला एक पहिल्या वर्षाचा मुलगा खालच्या वाडीत भाजी आणायला गेला. आमच्या जेवणातला लाल माठ आणि मुळा तिथल्याच वाफ्यांमधून यायचा. भाजी देणाऱ्या आजी त्याला म्हणाल्या, “आजची ने. दुपारपासना पाटात पानी नाय. असंच ऱ्हायलं तर परवा काय देऊ?” मुलाने येऊन प्रतिनिधीला सांगितलं. ती तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमाची यादी करत होती. “बंधारा भरला की वरून जाईल पाणी. उद्या बघू,” ती म्हणाली.

तांत्रिकदृष्ट्या तिचं म्हणणं बरोबर होतं. बंधारा भरला की जादा पाणी सांडव्यावरून खाली जातंच. प्रश्न एवढाच होता की भरायला किती दिवस लागणार. डिसेंबरात पऱ्या बारीक झालेला असतो. अडीच-तीन दिवस सहज लागले असते. खालच्या वाडीत वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतात त्या भाताची, लावणी नुकतीच झाली होती. ज्याने भाताची कोवळी रोपं पाण्यात उभी केली आहेत त्याला ‘उद्या बघू’ पुरत नाही. आणि हे पाणी तीन दिवसांनी परत येणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने पऱ्या गेला होता.

चौथा दिवस आम्ही दुसऱ्या बंधाऱ्याचा पाया काढण्यात घालवला, तोही वरच्याच अंगाला. उशीर झाला म्हणून त्या संध्याकाळचं सर्वेक्षण पुढे ढकललं.

पाचव्या दिवशी पहाटे फिरायला गेलेली दोन मुलं धावत आली. बंधारा मधोमध उघडा होता, पाणी निघून गेलं होतं.

जी गोष्ट मला आजही स्पष्ट आठवते ती म्हणजे काढलेली पोती. सत्तर-ऐंशी असतील. एकही फाडलेलं नव्हतं, सुतळीची एकही गाठ सोडलेली नव्हती. काठावर, पाणी लागणार नाही अशा जागी, एकावर एक नीट रचून ठेवली होती.

पर्याय

मुलं भडकली होती. चार दिवसांत हाताला फोड आलेले. एक गटप्रमुख म्हणाला, पुन्हा बांधू आणि रात्री पहारा ठेवू. सरपंच सात वाजता हजर झाले. “कुणाचं काम आहे मला माहीत आहे,” ते म्हणाले, “पोलीस पाटलांना सांगतो, सरळ करतो एकेकाला.” हा पहिला पर्याय : गावातल्या वजनदार माणसाच्या बळावर काम पुरं करायचं. तो सोपा होता, आणि तीन बंधाऱ्यांचं लक्ष्यही गाठता आलं असतं.

दुसरा पर्याय मी सुचवला आणि तो सांगताना मला फारशी लाज वाटली नाही. बंधारा सोडून द्यायचा, उरलेले दोन दिवस शाळेचं आवार आणि देवळाचा परिसर झाडायचा, समारोप करून निघायचं. गावातल्या भांडणात महाविद्यालयाने पडू नये. अहवालात ‘स्थानिक अडचणींमुळे’ हे दोन शब्द घातले की पुरे. पन्नास मुलं, त्यात बावीस मुली, रात्रीची वस्ती. कार्यक्रम अधिकाऱ्याचं डोकं अशा वेळी असंच चालतं, आणि ते अगदीच चूक आहे असं मी आजही म्हणणार नाही.

तिसरा पर्याय खालच्या वाडीत जाण्याचा. तो भाजी आणणाऱ्या मुलाने सुचवला. सुचवला म्हणजे, तो हळूच म्हणाला, “ताई, मी परवा सांगितलं होतं.”

प्रतिनिधी पहिल्या पर्यायाच्या बाजूने होती. ती रडत नव्हती, तिचा चेहरा घट्ट झाला होता. मग ती पऱ्यावर गेली, रचलेल्या पोत्यांजवळ बसली. पंधरा-वीस मिनिटांनी परत आली आणि मला म्हणाली, “सर, ज्याला नासधूस करायची असते तो पोती रचून ठेवत नाही.” 

मी तिला दुपारपर्यंतचा वेळ दिला. ठरवणार ती, सोबत मी येईन, पण बोलणार नाही, असं कबूल केलं. आणि सरपंचांना आजचा दिवस थांबा, अशी विनंती केली. ते नाराज होऊन गेले.

काय केलं

दुपारी आम्ही चौघं खालच्या वाडीत गेलो : प्रतिनिधी, तो पहिल्या वर्षाचा मुलगा, तो चिडलेला गटप्रमुख आणि मी. गटप्रमुखाला नेण्याचा निर्णय तिचा होता. मला तो धोक्याचा वाटला होता.

भाजीवाल्या आजींच्या पडवीत दहा-बाराजण जमले. सुरुवात वाईट झाली. ती म्हणाली, “आम्ही चांगल्याच हेतूने केलं होतं, पण तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.” कुणीच काही बोललं नाही. एकजण बाहेर बघत विडी ओढत राहिला. ती शांतता मला सोसवेना आणि मी कबूल केलेलं विसरून मध्ये पडलो : “मुलं आहेत, गावची रीत माहीत नव्हती त्यांना...” आजींनी हात वर केला. “सर, ती बोलतेय ना? तिला बोलू द्या.”

मग तिने पुन्हा सांगितलं, या वेळी ‘असेल’ आणि ‘तर’ न घालता. परवा संध्याकाळी मला कळलं होतं की तुमच्या पाटाला पाणी नाही. मी उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं नाही. तुम्हाला न विचारता तुमचं पाणी अडवलं. एवढंच.

विडीवाल्या काकांनी विचारलं, “पोती किती गेली तुमची?”

“एकही नाही, काका. तुम्ही रचून ठेवलीत.”

ते पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले. “मेहनत होती ना पोरांची.”

पुढचा तासभर पाण्यावर बोलणं झालं, आणि शिबिरातल्या कोणत्याही बौद्धिकापेक्षा त्यात जास्त शिकायला मिळालं. वायंगणाला दिवसा पाणी लागतं, रात्री नसलं तरी चालतं. फेब्रुवारीअखेर पऱ्या आटतो, तेव्हा गुरांना प्यायला पाणी राहत नाही. बंधाऱ्यात साठा राहिला तर तो खालच्या वाडीलाही हवाच होता. म्हणजे बंधाऱ्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांना न विचारता पाणी पूर्ण बंद केलं, हा राग होता. काकांनीच तोड सांगितली : उंची तीन फुटांऐवजी दोन, आणि तळापासून वीतभर वर एक पाईप, त्याला व्हॉल्व्ह. दिवसा अर्धा उघडा, रात्री बंद. भरायला आठवडा लागेल, लागू दे. एका घराचं काम चालू होतं, तिथला उरलेला दोन इंची पाईप मिळाला. व्हॉल्व्ह मात्र गटप्रमुख तालुक्याला एस.टी.ने जाऊन घेऊन आला, स्वतःहून.

वरच्या वाडीची समजूत काढणं जास्त अवघड गेलं. व्हॉल्व्ह खालच्या वाडीच्या हातात राहणार, हे सरपंचांना पटेना. तिथे मला बोलावं लागलं, आणि मी बोललो. विद्यार्थ्यांनी सगळं स्वतः करावं असं म्हणताना आपण विसरतो की काही ठिकाणी एकोणीस वर्षांच्या मुलीचा शब्द चालत नाही आणि तिला तिथे एकटं उभं करणं म्हणजे नेतृत्वाचं शिक्षण नव्हे. ते शेवटी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणाले. त्याला संमती म्हणायचं की नाही, मी ठरवू शकलेलो नाही.

सहाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून दोन फुटी बंधारा घातला. खालच्या वाडीतून नऊजण आले होते, वरच्या वाडीतून दोघं. आमची मुलं पोती फार गच्च भरतात, हे काकांनी तेव्हा दाखवून दिलं. चार दिवस आम्ही ते चुकीचं करत होतो. दुसऱ्या बंधाऱ्याचा पाया बुजवला.

निष्पत्ती

ठरवले तीन, झाला एक. समारोपाला सरपंच आले नाहीत.

अहवाल लिहिताना प्रतिनिधीने विचारलं, “सर, तीनचा एक कसा झाला, काय लिहू?” मी सवयीने म्हणालो, “स्थानिक अडचणी लिही.” ती दुसऱ्या दिवशी पान घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की जागा निवडताना खालच्या वाडीला विचारलं नाही, तक्रार कळल्यावर दीड दिवस दुर्लक्ष केलं, ग्रामस्थांनी पोती काढली, आणि त्यांच्या सूचनेनुसार नवीन रचना केली. मी ते तसंच पाठवलं. पाठवण्याआधी एक दिवस टेबलावर ठेवलं होतं, हेही सांगायला हवं. त्या वर्षी उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून विद्यापीठाकडे तिचं नाव गेलं, निवड झाली नाही. त्याचा अहवालाशी संबंध होता की नाही ते कळायला मार्ग नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी गावात गेलो तेव्हा बंधाऱ्यात दीड फूट पाणी होतं आणि खाली गुरं पीत होती. शेजारच्या विहिरींना फायदा झाला का, हे सांगता येणार नाही, कारण बंधारा घालण्याआधी आम्ही एकाही विहिरीची पातळी मोजली नव्हती. एक दोरी आणि एक दगड घेऊन तासाभरात होणारं काम.

मुलांचं सांगायचं तर, सगळंच गोड झालं नाही. एका गटातल्या दोघांनी प्रतिनिधीशी बोलणं टाकलं. आमची मेहनत तिने गावाला देऊन टाकली, असं त्यांचं म्हणणं. ती स्वतः काही आठवडे फार गप्प होती. मग तिसऱ्या वर्षी एकदा सहज म्हणाली की त्या संध्याकाळी यादी हातात नसती तर मी त्या मुलाचं ऐकलं असतं. मला हे तिचं निदान सर्वांत नेमकं वाटतं. ती उर्मट नव्हती, आळशी तर नव्हतीच. ज्या नीटनेटकेपणासाठी मी तिला निवडलं होतं, त्याच्याच पोटातून ती चूक आली होती. यादीत नसलेली गोष्ट तिला त्या वेळी अडथळा वाटली.

त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला आम्ही पुढच्या वर्षी प्रतिनिधी केलं. त्याचे हिशोब भयंकर असायचे.

आज करायचं झालं तर

वेळापत्रक उलटं करेन, ते आम्ही केलंच : पहिले दोन दिवस फक्त सर्वेक्षण, दोन्ही-तिन्ही वाड्यांत, कुदळ-फावडं खोलीत बंद. मुलं कंटाळतात. पाहुण्यांना दाखवायला काही नसतं. तरीही.

जागा ठरवताना पऱ्याच्या खालच्या अंगाला निदान अर्धा किलोमीटर चालत जायचं आणि वाटेत दिसेल त्या प्रत्येक पाटाच्या मालकाशी बोलायचं. ‘गावकऱ्यांची संमती’ असं वाक्य लिहायचं नाही. कोण, कोणत्या वाडीचा, काय म्हणाला, ते लिहायचं.

रोज रात्री दहा मिनिटं अशी ठेवायची की ज्यात फक्त पहिल्या वर्षाची मुलं बोलतील. त्यांना वाड्यांमधलं बरंच ठाऊक असतं, कारण दूध-भाजी आणायला त्यांनाच पिटाळतात.

माझ्यापुरतं : पाचव्या दिवशी सकाळी मी निर्णय तिच्यावर सोपवला, ते योग्य होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बंधाऱ्यावर उभा असताना मी फक्त वरच्या बाजूचं पाणी बघत राहिलो, ते नव्हतं. सहा वर्षांचा अनुभव तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता.

आणि एक गोष्ट आम्हा कुणालाच सुचली नाही. वनराई बंधारा कायमचा नसतो. पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जातो, आणि त्याबरोबर प्लॅस्टिकची पोती खाली जातात, खालच्या वाडीच्याच शेतांत. मेअखेरीस प्रतिनिधीचा फोन आला : “सर, पोती काढायची कुणी ठरवलं होतं?” कुणी नव्हतं. ती, तो मुलगा आणि गटप्रमुख सकाळच्या एस.टी.ने गेले. तिघांनी दिवसभरात दीडशेच्या आसपास पोती रिकामी करून काठावर आणली. उरलेली निम्मी तशीच राहिली, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला.